डिस्क सापडत नाही

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी कॉम्प्युटर लावला, तर काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ. डिस्क सापडत नाही. म्हणजे काय? काल संध्याकाळी याच डब्यात होती, रात्रीतून उठून गेली कुठे? बंद केला, चालू केला, पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काही झालंच नाही अशा थाटात सगळं उघडलं. दुपारी ऐन कामात पडदा गोठला. माऊस हलेना, अक्षर उमटेना. मी टेबलावर हात आपटला, तर कपातला चहा सांडला. कॉम्प्युटर ढिम्म.

आणि हे आत्ताच व्हायचं होतं. पुलांच्या इतिहासाचे ते तीन जाडजूड खंड छापायला तयार आहेत, अडलेत फक्त माझ्या सूचीसाठी. कोणता विषय कोणत्या पानावर सापडेल ते सांगणारी शेवटची पानं करण्यात माझा जन्म गेला. पंधरा एप्रिलला सूची संपादकांच्या हातात पडली पाहिजे. पूर्वी मी एकेक नोंद कार्डावर लिहायची, कार्डं बुटांच्या खोक्यांत लावायची. खोकी कधी गोठली नाहीत. चार वर्षांपूर्वी जावईबापूंनी हा कॉम्प्युटर आणून बसवला आणि म्हणाले, "आई, खोकी आता द्या टाकून." दिली. या सूचीचं एकही कार्ड नाही. जे आहे ते त्या डब्यात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर हजारभर पानं पुन्हा वाचणं माझ्याच्याने होणार नाही, हे मला माहीत आहे आणि संपादकांनाही.

लेकीला फोन केला. म्हटलं, घरी गेल्यावर सांग त्यांना. तर म्हणाली, "तूच कर ना त्याला फोन, आई." एका घरात राहून एवढा निरोप द्यायला काय धाड भरली होती कोण जाणे.

२ मार्च, रविवार

जावईबापू आले. एकटेच. लेकीचं ऑफिसचं काहीतरी आहे म्हणे. मी खिडकीत वाट बघत होते म्हणून दिसलं, ते रस्त्यापलीकडच्या थांब्यावर उतरले. त्यांच्या घराकडून येणारी बस आमच्या बाजूला थांबते. विचारलं तर म्हणाले, "तिकडे जरा काम होतं."

डब्याचं झाकण काढलं. आतून निघालेल्या धुळीत एक उशी भरली असती. आत दोन डिस्क आहेत: एकीवर सगळं काम, दुसरीवर त्याची नक्कल. त्यांनी इकडची वायर दाबली, तिकडची दाबली, आणि चालू झाला. मग खिशातून काडेपेटीएवढं काहीतरी काढून मागे खोचलं आणि पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत बसले. काय चाललंय विचारलं तर म्हणाले, "बघतोय." ते मलाही दिसत होतं.

जाताना सांगून गेले की डिस्क म्हातारी झाली असावी, तिला ताण द्यायचा नाही, मी स्वतः काही उचलाउचली करायची नाही. नक्कल दुसऱ्या डिस्कवर आहेच. ठीक आहे. घरचा माणूस जाणता असला की बरं पडतं.

५ मार्च, बुधवार

दोन दिवस बरे गेले, आज ये रे माझ्या मागल्या. या वेळी मात्र कामाची डिस्क हजर आणि नकलेची गायब. एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसते, असल्या दोन जावा मी नात्यात पाहिल्या होत्या, डब्यात प्रथमच बघतेय.

त्यात संपादकांचा फोन. आवाजात मध, पण आत खडा. "बाई, ताण घेऊ नका. नाहीच झालं तर आमच्याकडे आता सॉफ्टवेअर आहे. एका दुपारी सूची काढून देतं." मी म्हटलं, जरूर घ्या. 'कंत्राटदाराने मजुरांना वाऱ्यावर सोडले' असं दुसऱ्या खंडात एक वाक्य आहे. तुमचं सॉफ्टवेअर ते 'वारा: पुलांवरील परिणाम' याखाली घालेल. संपादक हसले, पण पंधरा तारखेवरून हलले नाहीत. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. हे माझं शेवटचं मोठं काम आहे. ते यंत्राने पुरं केलं तर उरलेल्या आयुष्यात मी स्वतःला काय सांगू?

९ मार्च, रविवार

जावईबापू नवी कोरी डिस्क घेऊन आले. मागच्या वेळी अकराला आले होते, आज नऊलाच दारात. पुन्हा एकटे. "तिचं डोकं दुखतंय."

जुनी काढली, नवी बसवली, काडेपेटी खोचली, हिरवी पट्टी. ती पट्टी सरकेपर्यंत स्वयंपाकघरातला गळका नळ नीट केला. मी सांगितला नव्हता. मग जेवले, आणि चांगले दोनदा वाढून घेऊन जेवले. त्यानंतर दिवाणावर आडवे झाले ते चहापर्यंत. मी कॉम्प्युटरसमोर बसून त्यांचं घोरणं ऐकत होते. उठवणार कसं? जावई. लेकाला लाथ घालून उठवलं असतं. असून अडचण, नसून खोळंबा.

दिवेलागणीला निघाले. दाराशी म्हणाले, "पुढच्या रविवारी येऊन एकदा बघून जातो." मी म्हटलं, नवी डिस्क आहे, आता कशाला? तर म्हणाले, "तरी."

११ मार्च, मंगळवार

नवी डिस्क सापडत नाही. नवी!

१२ मार्च, बुधवार

जावईबापूंनी फोनवरून माझ्याकडून ऑपरेशन करवून घेतलं. या वयात मी टेबलाखाली, टॉर्च दातांत, आणि कानाशी त्यांचा आवाज. "आई, मेमरीची हिरवी पट्टी दिसतेय? उभी खोचलेली. ती काढा. तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवा." खोडरबर! मला वाटलं थट्टा करतायत. पण फिरवलं. परत खोचली. मग ही वायर त्या भोकात, ती या भोकात. दोन्ही वायरी तितक्याच काळ्या, आणि माझा चष्मा वर टेबलावर.

चालू झाला. मी घामाघूम. फोन ठेवायच्या बेतात होते, तर विचारतात, "जेवलात का? काय केलं होतं?" मी म्हटलं, डिस्कचं बोला. मग म्हणाले, "काही नाही, सहज." नंतर वाटलं, मी जरा तोडूनच बोलले. पण माणसाचे नाकी नऊ आलेले असताना स्वयंपाकाची चौकशी कोण करतं?

१६ मार्च, रविवार

आज तपासणी. डिस्क निरोगी आहे की नाही ते सांगणारा एक प्रोग्राम त्यांनी चालवला. निकाल: नवी डिस्क उत्तम. नकलेची उत्तम. पिशवीत घालून ठेवलेली जुनीसुद्धा तपासली, तीही उत्तम. तिघीही ठणठणीत आणि तिघीही गैरहजर. शाळेत असताना असं प्रमाणपत्र आणलं असतं तर बाईंनी बाकावर उभं केलं असतं.

मी विचारलं, डिस्क चांगल्या असतील तर मग दुखणं कुठे आहे? त्यांनी बराच वेळ आत बघितलं. मग दोन्ही डिस्कना वीज पोचवणारी एक वायर दाखवली. एक टोक वीज देणाऱ्या डब्याला, दुसऱ्या टोकाला दोन फाटे. म्हणाले, "ही सैल होतेय बहुतेक." मी म्हटलं, मग बदला. "बघतो. तशी मिळायला हवी." आणि दाबून बसवली.

त्यांच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं. अंगातला शर्ट काढायला लावून शिवलं. आमच्या बाईसाहेबांना सुई धरता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण नवरा असा बाहेर पडताना बघतही नाही का? बॅगेत कपड्यांचं गाठोडंही होतं. इस्त्रीला टाकायचेत म्हणे, या बाजूचा इस्त्रीवाला बरा आहे. एवढ्या लांबून?

१९ मार्च, बुधवार

तीन दिवस बिनतक्रार. भराभर नोंदी झाल्या, 'प' ओलांडला. पाया, पूर, पोलाद. मन लागलं की हे काम भजनासारखं चालतं.

लेकीचा फोन आला. आजकाल तिचा पहिला प्रश्न एकच, "किती राहिलं?" मी सांगितलं. मग विचारते, "तो येतो ना? जेवतो ना नीट?" मी म्हटलं, तुझ्या घरी जेवत नसल्यासारखं जेवतो. तिने विषय बदलला. नंतर म्हणाली, "काम संपलं की मी येते, आई. निवांत बोलायचंय."

फोन ठेवला आणि माझी ट्यूब पेटली. रस्त्यापलीकडची बस, 'तिकडे काम होतं', या बाजूचा इस्त्रीवाला, निवांत बोलायचंय. नवीन घर घेतायत! पलीकडच्या वस्तीत, माझ्यापासून तीन थांब्यांवर. मला चकित करायचंय त्यांना. सूचीकाराला कसलं चकित करता? विखुरलेल्या नोंदी एका शीर्षकाखाली आणणं हाच तर माझा धंदा. आज फार बरं वाटतंय.

२१ मार्च, शुक्रवार

गोठला. 'भ' वर. साठवलेलं नव्हतं, सकाळचं सगळं गेलं. मी कॉम्प्युटरला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२३ मार्च, रविवार

जावईबापूंनी आज सगळं पुसून सगळं नव्याने बसवलं. सकाळी आठपासून. एवढ्या लवकर आले की मी अंघोळीलाही गेले नव्हते. दुपार टळली. शेवटी पडदा उघडला, आणि त्यांच्या देखत, अगदी डोळ्यांदेखत, गोठला.

माझा तोल गेला. म्हटलं, "जमत नसेल तर तसं सांगा. मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे टाकते." लग्नाला बारा वर्षं झाली, जावयाला मी कधी असं बोलले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "नको आई. जमेल. अजून एक रविवार द्या मला." असं म्हणाले की जसं काही मी त्यांना नोकरीवरून काढत होते. मग मलाच कसंतरी झालं. विषय बदलावा म्हणून हसत म्हटलं, "मला सगळं कळलंय बरं का. नव्या घराचं." त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला. जमिनीवर ओणवे होऊन तो शोधत बसले, बराच वेळ. वर न बघता विचारलं, "तिने सांगितलं?" मी म्हटलं, "सांगायला कशाला हवं? मी काय आंधळी आहे?" ते म्हणाले, "आणि तुम्हाला राग नाही आला?" मी म्हटलं, राग कशाचा, चांगलंच झालं की.

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं! जाताना नेहमीसारखा जेवणाचा डबा द्यायला लागले तर नको म्हणाले. प्रथमच. लाजले असतील.

२७ मार्च, गुरुवार

पुरता मेला. कालपासून काळा पडदा. 'म' च्या पुढे काही नाही आणि हातात दिवस मोजके. जावयाचा मान ठेवून झाला. आज डबा भाजीच्या चाकांच्या पिशवीत घातला, वर टॉवेल टाकला आणि ओढत कोपऱ्यावर नेला.

दुरुस्तीवाल्याने झाकण काढलं, आत बोट घातलं आणि ती दोन फाट्यांची वायर उपसली. आत एक तार तुटून टोकाला लोंबत होती. हलवली की जुळते, सोडली की सुटते, म्हणून कधी ही डिस्क जायची, कधी ती. त्याने खणातून दुसरी काढून बसवली. मला धड बसायलाही वेळ मिळाला नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! महिनाभर आम्ही डिस्क बदलतोय, पुसतोय, खोडरबर फिरवतोय.

मी म्हटलं, "आमचे जावई म्हणत होते खरं, पण तशी वायर मिळाली नाही त्यांना." तो म्हणाला, "असं कसं? इथूनच तर नेली त्यांनी. महिन्याच्या सुरुवातीला, तुमच्या घरून येतो म्हणाले. मी बजावलं पण होतं की डिस्कला हात लावू नका, ही बदला आधी."

मी पिशवी ओढत घरी आले. जिन्यात शेजारीण काहीतरी बोलली, मी काय उत्तर दिलं आठवत नाही. विसरले? महिनाभर? मग 'बघतो' म्हणाले ते? त्या वायरीकडे बोट दाखवून 'तशी मिळायला हवी' म्हणाले, तेव्हा ती त्यांच्या बॅगेत होती. कामाची माणसं चुकतात, मी समजू शकते. पण हे? मला याचं शीर्षकच सापडत नाही.

३० मार्च, रविवार

आले. आठ वाजता. मी तुटकी वायर टेबलावर ठेवली होती. त्यांनी पाहिली. बॅग उघडली आणि नवी वायर काढून तिच्या शेजारी ठेवली. पाकीटही फोडलेलं नव्हतं.

मी तोंड सोडलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या, त्या संपादकाचे टोमणे ऐकते, टेबलाखाली लोळते, आणि तुम्ही? खेळ वाटला तुम्हाला माझं काम म्हणजे? ते म्हणाले, "तुम्ही साठवलेली एकही नोंद गेली नसती, आई. दर रविवारी सगळं उतरवून घेत होतो." खिशातून ती काडेपेटी काढली. म्हणजे त्या हिरव्या पट्टीत माझी सूची सुरक्षित सरकत होती, आणि मी इथे तिचं सुतक पाळत होते! हे ऐकून मी जास्तच भडकले. म्हटलं, "का? एवढंच सांगा. का?"

ते दिवाणाच्या कडेवर बसले. म्हणाले, "सूची झाली की ती तुम्हाला सांगणार होती. आमचं तसं ठरलं होतं. तुमच्या कामात मध्येच नको म्हणून."

"काय सांगणार होती? घराचं?"

"घर नाही, आई. खोली आहे. पलीकडच्या वस्तीत. मी एकटाच राहतो तिथे, जानेवारीपासून."

मी मठ्ठासारखं विचारलं, "आणि ती?"

"ती आपल्या घरी. कागद तयार आहेत." मग म्हणाले, "मला वाटलं, सूची संपेपर्यंत तरी मी इथला आहे."

मला जे सुचलं ते चांगलं नव्हतं. म्हटलं, "आता जा तुम्ही." ते उठले आणि गेले. स्वयंपाक झालेला होता. मी थांबवलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

कॉम्प्युटर मख्खन चालतोय. बटण दाबलं की हजर. मी मात्र एक नोंद करते आणि भिंतीकडे बघत बसते.

लेकीला फोन केला नाही. तिचाही आलेला नाही, म्हणजे त्यांनी तिला सांगितलेलं असणार. दोघांवर राग आहे. माझी पोटची पोर, आणि मला लहान मुलासारखं परीक्षा होईपर्यंत काही सांगायचं नाही असं ठरवते! त्यांच्यावर जास्त राग आहे. आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. दुसऱ्याची हजार पानं वाचून कुठे काय आहे ते सांगणारी मी. माझ्यासमोर माणूस दोनदा वाढून घेत होता, बटण तुटलेल्या शर्टात येत होता, आणि मी लिहिलं 'नवीन घर'. वर त्याला म्हटलं, चांगलंच झालं की. देवा.

६ एप्रिल, रविवार

कोणी आलं नाही. येणार कसं? नऊ वाजता खिडकीशी जाऊन आले, उगाच. दोन्ही बाजूंच्या बस गेल्या. सवयीने दोघांपुरतं रांधलं गेलं, उरलेलं संध्याकाळी खाल्लं.

'श' संपला. दिवसभरात एकदाही गोठला नाही. मला त्याचा राग आला.

१४ एप्रिल, सोमवार

सूची पाठवली. एक दिवस आधी. संपादकांचा फोन, "बाई, तोड नाही तुम्हाला." इतके दिवस या एका वाक्यासाठी जीव टाकत होते. ऐकलं आणि हो म्हटलं.

संध्याकाळी लेक आली. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली नाही, भांडलीही नाही, सरळ ओट्याशी जाऊन चहा ठेवला. पाठ करूनच बोलत होती. "कोणी कोणाला फसवलं नाही, आई. कोणी ओरडलं नाही. बोलणंच संपलं. जेवायला बसलं की दोघांचे डोळे आपापल्या फोनमध्ये. दोन वर्षं आम्ही पाहुण्यांसारखे राहिलो."

मी तिला वायरीची गोष्ट सांगितली. ही तिला ठाऊक नव्हती. आधी हसली. पाकीटही फोडलं नव्हतं म्हटल्यावर तिचं हसणं मध्येच थांबलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मला नाही कधी म्हणाला की त्याला आपल्यात राहायचंय म्हणून. मला म्हणाला असता तर?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "नाही, तरी नसतं जमलं." तिचं तिला माहीत.

चहा झाल्यावर मी विचारलं, "मी त्यांना बोलावलं तर चालेल तुला?" ती बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत राहिली. "तू कोणाच्या बाजूची, आई?" मी म्हटलं, "तुझ्या. हे विचारायचं नसतं." मग ती म्हणाली, "मी असताना नको. एवढंच." जाताना माझा खांदा घट्ट धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

१९ एप्रिल, शनिवार

आज दुपारी एक वेडेपणा करणार होते. बोलवायचं तर निमित्त हवं. निमित्ताशिवाय त्यांना काय म्हणून बोलावू? डब्याचं झाकण उघडलं, वायरीला हात घातला. जरा ओढली की झालं, डिस्क सापडत नाही म्हणून फोन करता येतो. आता मला तेवढं कळायला लागलंय.

मग स्वतःचीच शरम वाटली. एका बिघाडाआड त्यांनी लपायचं, दुसऱ्याआड मी? झाकण लावलं आणि फोन केला.

"काय झालं, आई? परत दिसत नाही का?"

"दिसतेय. सगळं व्यवस्थित चालू आहे."

"मग?"

मला पुढचं वाक्य पाठ केल्यासारखं यायला हवं होतं, आलं नाही. म्हटलं, "उद्या रविवार आहे."

२० एप्रिल, रविवार

बाराला आले. आठला नाही, नऊला नाही. दारावरची बेल वाजवून बाहेर उभे राहिले. एरवी सरळ आत यायचे.

आत आले आणि सवयीने कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसले. चालू केला. उघडला. ते वाट बघत राहिले, पण त्याला काही होईना. मग बंद केला आणि हात मांडीवर घेऊन बसले. माझ्या तेव्हा लक्षात आलं, बारा वर्षांत या घरात ते एक तर लेकीशेजारी बसलेत, नाही तर या डब्यासमोर. तिसरी जागा त्यांना माहीतच नव्हती. मलाही नव्हती. आम्ही दोघं अवघडून पंख्याकडे बघत होतो. वाटलं, बोलावलं ते चुकलंच. मग भूक लागली तसं जेवायलाच बसलो. पहिल्यांदा वाढलं तेवढंच खाऊन थांबले. मी न विचारता आणखी वाढलं, तेही संपवलं.

जेवताना मी म्हटलं, "वायरीबद्दल माझा राग गेलेला नाही." ते म्हणाले, "जायला नकोच." मी म्हटलं, "जाईल. पण सावकाश." त्यांनी मान हलवली. त्यानंतर जरा मोकळे झाले. त्यांच्या खोलीत खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीवर उघडते असं सांगितलं. चुलीचं काय विचारलं तर म्हणाले, एक बर्नर आहे, अंडी येतात. लेकीबद्दल दोघंही बोललो नाही.

निघताना चपला घातल्या आणि दारातच घुटमळले. जेवणाचा डबा हातात होता. खाली बघत म्हणाले, "पुढच्या वेळी मी काय म्हणून येऊ, आई?"

माझ्याकडे त्यांच्यासाठी शब्दच नाही, मी उभा जन्म शब्द लावत आले तरी. मी म्हटलं, "साडेअकरापर्यंत या. उशीर झाला की जेवण गार होतं."